आठ देशांचं विद्यापीठ आणि गावातला दाखला

पोराला परदेशी शिक्षण द्यायचं म्हटलं की आपल्याला अमेरिका, इंग्लंडच आठवतं. मग जमीन गहाण टाकायची भाषा सुरू होते. शेजारच्या देशांबरोबर शिकायची सोय दिल्लीतच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका यांच्यासह सार्कच्या आठ देशांनी २००७ मध्ये करार करून दक्षिण आशियाई विद्यापीठ काढले. २०१० मध्ये तेथे वर्ग सुरू झाले. पदवीला सर्व सदस्य देशांत मान्यता आहे. प्रवेश परीक्षेच्या गुणांवर मिळतो. कृषी शाखा तेथे नाही, पण जैवतंत्रज्ञान, अर्थशास्त्र, संगणक हे विषय आहेत. पात्रता माहितीपत्रकात नीट पाहावी.

याचा शेतीला काय उपयोग, असं कुणी विचारील. कीड सरहद्द ओळखत नाही. २०२० ची टोळधाड पाकिस्तानातून राजस्थानमार्गे आपल्या विदर्भात उतरली. शेजारच्या मुलांबरोबर शिकलेला पोरगा उद्या अशा संकटात उपयोगी पडेल.

मागे माझ्या भागातला एक हुशार मुलगा अर्ज भरतानाच अडकला. जन्मनोंदीत नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. दुरुस्ती होईस्तोवर मुदत संपली. बाप कोर्‍या अर्जाकडे बघत राहिला.

म्हणून पालकांनी दहावीआधीच दोन्ही नावं ताडून घ्यावीत. ग्रामपंचायतीनेही दुरुस्तीचा अर्ज पडू देऊ नये. पेरणीची वेळ टळली की काय होतं, ते आपल्याला सांगायला नको.