उपग्रहचित्रांचे खुले भांडार

वर्गाच्या भिंतीवर टांगलेला भारताचा नकाशा आपण नित्य पाहतो. परंतु तो सिद्ध होण्यासाठी किती श्रम वेचले गेले असतील, हा विचार क्वचितच मनात येतो. विल्यम लँबटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजून भूमापनाच्या एका महान कार्यास आरंभ केला. अवजड यंत्रे घेऊन, डोंगर चढत आणि तापाच्या साथी सोसत, त्याचे पथक वर्षानुवर्षे पुढे सरकत राहिले. वीस वर्षांनंतर, १८२३ च्या जानेवारीत, हैदराबादेहून नागपुराकडे जात असता वाटेत हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. अपुरे राहिलेले काम पुढील पिढीने हाती घेतले.

आज त्याच भूमीचे चित्र दर काही दिवसांनी आकाशातून नव्याने घेतले जाते, आणि ते पाहण्यास एक पैसाही पडत नाही. घरी साधा संगणक व इंटरनेट असले म्हणजे झाले. ही चित्रे कोठे मिळतात, ती कशी पाहावीत आणि त्यांवर कितपत विश्वास ठेवावा, या तीन गोष्टी आमच्या विद्यार्थिमित्रांस सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेने २३ जुलै १९७२ रोजी लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. त्याची चित्रे अनेक वर्षे विकत घ्यावी लागत. एकेका चित्रास शेकडो, काही काळ तर हजारो डॉलर पडत. २००८ साली हा सारा संग्रह विनामूल्य खुला करण्याचा निर्णय झाला, आणि वर्षभराच्या आतच लोकांनी दहा लाखांवर चित्रे उतरवून घेतली. पुढे युरोपनेही तोच मार्ग धरला. २०१५ पासून त्यांच्या सेंटिनेल-२ मालिकेची चित्रे सर्वांस खुली आहेत. आपल्या भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २००९ साली ‘भुवन’ हे संकेतस्थळ सुरू केले. आणि ते चालविणारे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र आपल्या हैदराबादेतच आहे, ही आम्हांस विशेष अभिमानाची गोष्ट वाटते.

आता चित्र कशाचे बनते ते पाहू. उपग्रहचित्र म्हणजे लहान लहान चौकोनांची, म्हणजेच पिक्सेलांची, मांडणी होय. सेंटिनेल-२ च्या उत्तम चित्रातील एक पिक्सेल जमिनीवर १० मीटर लांब व तितकाच रुंद असतो. म्हणजे सुमारे एक गुंठा. लँडसॅटचा पिक्सेल ३० मीटरांचा. तो जवळजवळ नऊ गुंठ्यांचा झाला. यास्तव या चित्रांत तलाव, वने, शेतांचे पट्टे व नगराचा विस्तार चांगला दिसतो. आपले घर किंवा अंगणातील आंबा शोधू गेल्यास निराशा पदरी येईल. घरे दिसतात ती गूगल अर्थवर. परंतु तेथील दृश्य निरनिराळ्या दिवशीच्या चित्रांचे तुकडे जोडून केलेले असते. म्हणून चित्राची तारीख पाहिल्यावाचून त्यावरून काही अनुमान काढू नये. शिवाय पाहावयास फुकट म्हणजे छापावयास मोकळे, असे नव्हे. वापरण्याच्या अटी वाचाव्यात आणि चित्राखाली त्याच्या कर्त्याचे नाव अवश्य द्यावे.

आरंभ करणाऱ्याने ‘कोपर्निकस ब्राउझर’ उघडावा. तेथे गावाचे नाव शोधावे, तारीख निवडावी आणि अभ्राच्छादन कमी असलेले चित्र मागावे. प्रथम नैसर्गिक रंगांतील चित्र पाहावे, नंतर कृत्रिम रंगांतील. दुसऱ्या प्रकारात हिरवी झाडी लाल दिसते, याचे नवल वाटू देऊ नये. निरोगी पाने डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण विपुल परावर्तित करतात व ते किरण चित्रात लाल रंगाने दाखविलेले असतात. पाणी हे किरण शोषून घेते म्हणून काळसर दिसते. त्यामुळे तलावाचा काठ अशा चित्रात अधिक स्पष्ट उमटतो. १९७२ पासूनची जुनी चित्रे हवी असल्यास अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण संस्थेचे ‘अर्थ एक्स्प्लोरर’ पाहावे. तेथे विनामूल्य नोंदणी करावी लागते. रस्ते, ओढे व गावांची नावे यांसाठी २००४ साली आरंभिलेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा जगभरच्या स्वयंसेवकांनी रचलेला नकाशा उपयोगी पडतो. आणि या सर्वांचे थर एकावर एक ठेवून मोजमाप करावयाचे असेल, तर ‘क्यूजीआयएस’ ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते.

पावसाळ्यात मात्र ढग आड येतात. त्या वेळी सेंटिनेल-१ या रडारयुक्त उपग्रहाचे साह्य घ्यावे. तो स्वतःच लहरी सोडतो व परत आलेल्या लहरी टिपतो. ढग आणि रात्र त्यास अडवीत नाहीत. संथ पाण्यावरून लहरी दुसरीकडे उडून जातात म्हणून पुराचे पाणी अशा चित्रात काळे दिसते.

चित्र काय सांगते आणि काय सांगत नाही, याचे एक बोलके उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे आहे. २०२० साली लँडसॅट-८ ने २५ मे रोजी घेतलेल्या चित्रात त्याचे पाणी हिरवे दिसते आणि १० जूनच्या चित्रात गुलाबी. हा उपग्रह एकाच जागेवरून सोळा दिवसांनी जातो. म्हणजे पालट दोन लागोपाठच्या फेऱ्यांच्या दरम्यान घडला, एवढे चित्रांनी निश्चित सांगितले. तो का घडला, हे त्यांस सांगता येईना. त्यासाठी सरोवराच्या पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासावे लागले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्यास कारण असल्याचे आढळले.

हाच धडा आपल्या नगरास लागू आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर उस्मानसागर व हिमायतसागर बांधले गेले. पूर आवरण्यास पाण्यास जागा द्यावी लागते, हे तेव्हाच्या लोकांनी जाणले होते. २०२० च्या ऑक्टोबरातील अतिवृष्टीत अनेक वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा तेच सत्य पुन्हा प्रत्ययास आले. पूर्वी येथे तळे होते की नव्हते, हा वाद आता केवळ आठवणींवर सोडावयास नको. आपल्या वस्तीजवळच्या एखाद्या तळ्याची १९७० च्या दशकातील व आजची चित्रे शेजारी ठेवा. जुन्या चित्रातील पिक्सेल सुमारे ८० मीटरांचा असल्याने लहान तळी त्यात अस्पष्ट दिसतील, हे ध्यानी घ्या. दोन्ही चित्रे एकाच महिन्यातील, शक्यतो जानेवारीतील घ्या; नाहीतर पावसाळ्यातील भरलेले तळे आणि उन्हाळ्यातील आटलेले तळे यांची तुलना होऊन भलताच निष्कर्ष निघेल. जलपर्णीने झाकलेले पाणी कुरणासारखे दिसते, आणि टेकडीची सावली पाण्यासारखी. म्हणून चित्र पाहून झाल्यावर वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन त्या जागी स्वतः जावे, काठ पाहावा, जुन्या रहिवाशांस विचारावे आणि मगच लिहावे.

लँबटनच्या पथकास जे पायी चालून मोजावे लागले, त्यातील पुष्कळसे आज घरबसल्या दिसते. तथापि चालण्याचे काम अगदीच संपलेले नाही. कोणा विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील तळ्याची अशी नोंद, चित्रांच्या तारखांसह, तयार केल्यास ती पुढील वर्षीच्या अंकास अवश्य पाठवावी. आम्ही ती आनंदाने छापू.