पलूसचा वाइन पार्क : दर्जा टाकीत की वेलीवर?

महाराष्ट्र सरकारने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि एमआयडीसीचे दोन वाइन पार्क ठरले : नाशिक जिल्ह्यात विंचूर, सांगली जिल्ह्यात पलूस. पलूसची निवड चुकीची नव्हती. जवळून कृष्णा वाहते, शेजारी तासगावचा द्राक्षपट्टा आहे आणि किर्लोस्करवाडीमुळे कारखानदारी इथे शतकभर मुरलेली आहे. तरीही वाइन म्हटले की गिऱ्हाइकाच्या तोंडी नाशिक येते, पलूस येत नाही. भांडवल कमी, मुंबई लांब, ही कारणे खरी असली तरी अपुरी आहेत. वाइनचा दर्जा ठरतो तो वेलीवर. धोरणाचा भर मात्र कारखान्यावर, म्हणजे भूखंड आणि करसवलतींवर राहिला.

सांगलीचा बागायतदार द्राक्षात कच्चा आहे असे कोणी म्हणणार नाही. तास-ए-गणेश हा वाण तासगाव तालुक्यातच निवडला गेला. पण त्याचे सारे कसब खाण्याच्या द्राक्षासाठी घडलेले आहे. विरळणी करायची, घड जीएमध्ये (जिबरेलिक आम्लात) बुडवायचे, मणी टपोरा, पातळ सालीचा आणि बिनबियांचा हवा. काबेर्ने सोव्हिन्याँ किंवा शिराझ या वाइनच्या वाणांचे गणित नेमके उलटे आहे. तिथे मणी बारीक आणि साल जाड हवी, कारण लाल वाइनचा रंग सालीतून येतो आणि तुरटपणा साल व बियांतून. वेलीवर माल जास्त ठेवला तर रस पातळ होतो, म्हणून चांगले घडही काढून टाकावे लागतात. वजनावर पैसे मिळणारा शेतकरी हे कशासाठी करील?

इथले हवामानच वाइनला मानवत नाही, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडे झोपत नाही, हे खरे. म्हणून तर आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी करतो. त्यामुळे फळ पावसाळ्यात न पिकता कोरड्या हवेत पिकते, ही जमेची बाजू आहे. उन्हाने आंबटपणा लवकर उतरतो, ही उणी बाजू. तिच्यावर वेळेवर आणि गारव्यात केलेली तोडणी हा इलाज आहे. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज पलूसपेक्षा थंड नाही. तरी फ्रातेल्ली या वाइनरीने तिथे फ्रान्समधून रोपे आणून स्वतःच्या बागा लावल्या, टस्कनीचे पिएरो मासी वाइनकार म्हणून नेमले आणि नाव कमावले. तिथे बाग आणि टाकी एकाच मालकाच्या हिशेबात आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोन-तीन एकरांचा शेतकरी माल निम्म्यावर आणून जगणार कसा? याचे उत्तर सांगलीच्याच बेदाण्यात आहे. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणून गोडी पुरेशी भरल्याशिवाय इथला शेतकरी त्यासाठी घड तोडत नाही. पुढे सौद्यात रंग, जाडी आणि चव पाहूनच बोली लागते. म्हणजे दर्जासाठी थांबायला तो तयार असतो. अट एवढीच की थांबण्याचा मोबदला मिळावा. वाइनरीने साखर, आंबटपणा आणि एकरी मर्यादा ठरवून अनेक वर्षांचा दर लेखी दिला, तर हाच शेतकरी उद्या बारीक मणीही पिकवील. पलूसला आणखी भूखंडांची गरज नाही. गरज आहे ती शेतकरी आणि वाइनरी यांच्यातल्या अशा कराराची.