पन्हळ कापलेली पोर्शे

जुन्या पोर्शे ९११च्या छताला दोन्ही बाजूंनी, दारांच्या वर, पत्र्याची बारीक पन्हळ असते. पावसाचं पाणी दारावर ओघळू नये, एवढंच तिचं काम. बव्हेरियातल्या पाफेनहाउझेन गावी अलॉइस रुफच्या वर्कशॉपमध्ये १९८७ साली ही पन्हळ कापून टाकत. मग उघडा पडलेला जोड वेल्डिंगनं बुजवायचा, घासून सपाट करायचा, नंतर रंग. पत्र्याचं एवढं किचकट काम कशासाठी, तर वारा अडू नये म्हणून.

गाडीचं नाव सीटीआर. एरवी इंजिनात जोर भरला की गाडीही रुंद, फुगीर करायची मॉडिफिकेशनवाल्यांना भारी हौस. रुफनं उलटं केलं. पोर्शेच्या टर्बो मॉडेलची रुंद बॉडी सोडून साध्या कॅरेराची अरुंद बॉडी घेतली. दारं अ‍ॅल्युमिनियमची बसवली. ३.२ लिटरचं इंजिन ३.४ लिटरचं केलं, त्याला दोन टर्बो जोडले आणि ४६९ अश्वशक्ती काढली. कंपनीच्या ९११ टर्बोला तेव्हा चारच गिअर होते. रुफनं पाच दिले. वजन साधारण ११५० किलो.

त्याच सुमारास पोर्शेची स्वतःची ९५९ रस्त्यावर आली होती. चारही चाकांना ताकद, आणि कोरडा रस्ता, ओला रस्ता, बर्फ यांप्रमाणे ती वाटून देणारं इलेक्ट्रॉनिक्स. एक टर्बो आधी चालू होणार, इंजिनानं वेग घेतला की दुसरा त्याला येऊन मिळणार. टायरमधली हवा कमी झाली तर डॅशबोर्डवर इशारा. गाडीची उंचीही कमी-जास्त करता येई. ताकद ४५० अश्वशक्ती, पण वजन साडेचौदाशे किलोच्या घरात.

अमेरिकेच्या ‘रोड अँड ट्रॅक’ मासिकानं १९८७मध्ये फोक्सवॅगनच्या एरा-लेसियन ट्रॅकवर या दोघींना फेरारी, लॅम्बोर्गिनी वगैरेंसोबत पळवलं. ९५९ ताशी ३१९ किलोमीटरच्या आसपास थांबली. पिवळी सीटीआर ३३९पर्यंत गेली आणि ‘यलोबर्ड’ हे टोपणनाव घेऊन परतली.

गॅरेजनं कारखान्याला हरवलं, अशी बातमी करायला हे छान आहे. पण पूर्ण खरं नाही. जर्मन सरकारच्या लेखी रुफ १९८१पासून वाहन उत्पादकच आहे. पोर्शेकडून नंबर न ठोकलेली कोरी बॉडी आणायची आणि तिच्यावर स्वतःचा चासी नंबर घालायचा, ही त्यांची तेव्हाची पद्धत. ग्राहकांनी आणलेल्या ९११ गाड्यांवरही तिथे सीटीआरचं काम होई. कागदोपत्री मात्र ती बदललेली पोर्शे आणि कोऱ्या बॉडीवरची ती रुफ.

शिवाय वेग मोजून झाला की उरतं ते चालवणं. नुर्बुर्गरिंगच्या रेस ट्रॅकवर चित्रित झालेल्या फिल्ममध्ये रुफचा चालक श्टेफान रोझर सीटीआर हाकतो. डोक्यावर हेल्मेट नाही, पायांत लोफर आणि पांढरे मोजे. वळणावळणाला गाडीचं मागचं अंग बाहेर सुटतं आणि त्याचे हात स्टिअरिंग उलटं फिरवून तिला पुन्हा रांगेत आणतात. बघायला बहार येते. पण ही गाडी पावसात कुणाच्या हाती द्यावी, हा प्रश्नही तिथेच पडतो. ९५९मधलं सगळं इलेक्ट्रॉनिक्स त्या ‘कुणाच्या’साठीच होतं, आणि वाढलेल्या वजनाचा बराचसा हिशेबही तिथेच लागतो.

१९९५च्या नव्या ९११ टर्बोत पोर्शेनं दोन टर्बो आणि चारही चाकांना ताकद हे दोन्ही दिलं, ४०८ अश्वशक्तीसह. रुफनं पुढची सीटीआर २ त्याच पिढीच्या ९११वर उभी केली.