पंप पेट्रोल उचलत नाही

पौडहून कोळवणकडं वळलं की दोन्ही अंगांना भातखाचरं लागतात. वळकी नदीच्या या खोऱ्यात पुणेकरांची फार्महाऊसंही बरीच झाली आहेत. त्यातल्या एखाद्या शेडमध्ये जुनी पद्मिनी किंवा कार्बोरेटरवाली मारुती ८०० कव्हर घालून उभी असते. शनिवारी मालक येतात, स्टार्टर मारतात. इंजिन फिरतं, पण पेटत नाही. टाकीत पेट्रोल आहे, कार्बोरेटर कोरडा. मग बघायचं ते इंजिनाला चिकटून बसलेल्या मूठभर पंपाकडं.

या पंपाला वीज लागत नाही. कॅमशाफ्टचा उंचवटा त्याचा दांडा ढकलतो, दांडा डायफ्रॅम ओढतो आणि टाकीतलं पेट्रोल आत येतं. स्प्रिंग डायफ्रॅम परत लोटते, की तेच पेट्रोल कार्बोरेटरकडं जातं. आलेलं मागं फिरू नये म्हणून दोन व्हॉल्व्ह. दाब जेमतेम ०.२ ते ०.३ बार. इंजेक्शनच्या गाडीत टाकीत बुडवलेला विजेचा पंप याच्या दसपट दाब देतो, पण जातो तेव्हा बहुधा न सांगता जातो. हा आधी कुरकुरतो: चढाला गाडी मिसिंग करते, सपाटीला सावरते.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघाली, तर मारुती डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. पंपाचं तत्त्व दोघींचं एकच. मारुतीला फक्त जादा पेट्रोल टाकीत परत धाडणारी तिसरी नळी आहे, आणि घाईत नळ्यांची अदलाबदल होते ती तिथंच.

उन्हाळ्यात घाट चढून गाडी बंद पडली, तर पंप बदलायची घाई करू नये. उष्णतेनं पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ढकलू शकत नाही. पंपावर ओलं फडकं टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबणं हा जुन्या ड्रायव्हरांचा इलाज अगदी शास्त्रशुद्ध आहे.

डायफ्रॅम फाटला असेल तर मात्र फडकं कामाचं नाही. महिनोन्महिने उभ्या गाडीत रबर कडक होतं. त्यात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि जुनं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. किट आणून नुसता डायफ्रॅम बदलता येतो, पण माझं मत विचाराल तर चांगला अख्खा पंपच बसवावा. किटमधल्या रबराचा भरवसा कोण देणार?

काम तासाभराचं. आधी बॅटरीची तार सोडायची, बिडी लांब ठेवायची. टाकीकडून येणारी नळी काढली की तिच्या तोंडात जुना बोल्ट खुपसायचा, नाहीतर पेट्रोल गळत राहतं. पंपाचे बोल्ट सोडताना दांड्यावर ताण जाणवला, तर इंजिन थोडं फिरवून कॅमचा उंचवटा बाजूला न्यायचा. जुनं पॅकिंग पात्यानं खरवडून काढायचं आणि नवं मूळच्याच जाडीचं घालायचं. जाड पॅकिंगनं दांड्याची चाल कमी होते, मग नवा पंपही पेट्रोल कमी उचलतो. हे न कळून लोक कार्बोरेटर खोलत बसतात.

नवा पंप बसला, गाडी पेटली, तरी बॉनेट लगेच लावायचं नाही. ऑइलची डिपस्टिक काढून हुंगायची. फाटक्या डायफ्रॅममधून पेट्रोल ऑइलमध्ये उतरलं असेल तर वास येतो, पातळीही वर चढलेली दिसते. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला धरत नाही. ते तिथंच बदलायचं. त्याच ऑइलवर पुण्यापर्यंत जायचं नाही.