अंधारात चमकणारी हाडं!

दोस्तांनो, डॉक्टरकाकांनी दिलेल्या कडूजहर गोळ्या तुम्ही तोंड वाकडं करून कधी ना कधी गिळल्या असतीलच. ताप उतरला की आपण त्या विसरून जातो. पण काही औषधं आपली हाडं विसरत नाहीत. तेही दीड-दीड हजार वर्षं!

आफ्रिकेत, आजच्या सुदानमध्ये नाईल नदीकाठी न्यूबियन लोक राहायचे. त्यांच्या इसवी सन ३५० च्या सुमाराच्या सांगाड्यांचा अभ्यास अमेरिकेत चालू होता. डेब्रा मार्टिन या विद्यार्थिनीने हाडाचा कागदासारखा पातळ काप अतिनील प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, आणि काय आश्चर्य! हाडात पिवळ्या-हिरव्या रेघा चमकू लागल्या. अशी चमक टेट्रासायक्लिन या जंतुनाशक औषधाची असते. आता गंमत बघा, या जातीचं पहिलं औषध जगाला कळलं १९४८ साली!

हे औषध कॅल्शियमला घट्ट चिकटतं. म्हणून वाढत्या हाडात आणि दातात ते जाऊन बसतं. (लहान मुलांना डॉक्टर ते शक्यतो देत नाहीत, ते याचसाठी. दात कायमचे पिवळे पडतात.)

१९८० मध्ये हा शोध छापून आला, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. हे औषध बनवणारे सूक्ष्मजीव मातीतच असतात. पुरल्यानंतर ते हाडात शिरले नसतील कशावरून? शंका अगदी रास्त होती. पण हाड एकदाच बनून थांबत नाही. आत बारीक नळ्यांभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे नवे थर चढत राहतात. चमक नेमकी या थरांतच होती. एक नळी चमकते, तर शेजारची कोरी! मातीतून डाग लागला असता, तर तो असा थर पाहून कसा बसला असता? म्हणजे माणूस जिवंत असतानाच औषध पोटात गेलं होतं.

तरी पक्का पुरावा मिळायला २०१० साल उजाडलं. मार्क नेल्सन या रसायनशास्त्रज्ञाने ही हाडं एका जहाल आम्लात विरघळवली आणि त्यांतून चक्क टेट्रासायक्लिन शोधून दाखवलं.

पण ते आलं कुठून? प्राध्यापक जॉर्ज आर्मेलागोस यांचं बोट होतं बिअरकडे. हल्लीची बाटलीतली नव्हे हं! धान्य आंबवून केलेली, आपल्या आंबिलीसारखी दाट नि आंबट. त्या धान्यातच हे सूक्ष्मजीव वाढत असणार. त्यांच्या विद्यार्थ्यांनी तशी बिअर करून पाहिली, तर तीत टेट्रासायक्लिन तयार झालं!

मग न्यूबियन लोक ती औषध म्हणून प्यायचे, की नुसती भूक भागवायला? नेल्सनना एका चार वर्षांच्या मुलाची नडगी आणि कवटीही या औषधाने भरलेली आढळली. कुणी म्हणेल, घरात रोज असायचं, म्हणून पोरही प्यायलं. नेल्सन यांना मात्र वाटतं, मूल आजारी होतं आणि ते बरं व्हावं म्हणून घरचे त्याला भरपूर पाजत होते. मलाही तसंच वाटतं. जंतू, अँटिबायोटिक असलं काही त्या आईच्या गावीही नव्हतं. हे प्यायलं की बरं वाटतं, एवढं तिला ठाऊक असावं.