काटा रोज तेच दाखवतो, पण खरं दाखवतो का?



समजा, तुम्ही आटगावला घरगुती मसाला बनवता. २०० ग्रॅमची पाकिटं भरता आणि कसारा लोकल पकडून कल्याण-ठाण्याला माल पोचवता. काट्यावर प्रत्येक पाकीट बरोबर २०० दाखवतं. मग चिंता कसली?

आज एक प्रयोग करा. शिक्का मारलेलं २०० ग्रॅमचं वजन काट्यावर पाच वेळा ठेवून बघा. पाचही वेळा २०६ आलं, तर तुमचा काटा एकसारखा आहे, पण अचूक नाही. म्हणजे तुमच्या '२०० ग्रॅम' पाकिटात माल भरतोय सुमारे १९४ ग्रॅम.

आता दुसरा काटा बघा. तेच वजन ठेवल्यावर तो १९७, २०४, १९९, २०२, १९८ दाखवतो. सरासरी बरोबर २००! पण एकेका पाकिटाचा भरवसा नाही. हा सरासरीने अचूक आहे, पण एकसारखा नाही.

अचूकता म्हणजे खऱ्या वजनाच्या जवळ असणं. एकसारखेपणा म्हणजे दर वेळी तेच उत्तर येणं. धंद्याला दोन्ही लागतात.

यात जास्त फसवा कोणता? पहिला. कारण त्याचा आकडा हलत नाही, म्हणून आपल्याला शंकाच येत नाही.

आता कायदा बघा. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत २०० ग्रॅमच्या एका पाकिटाला ९ ग्रॅमपर्यंत कमी-जास्त चालतं. तुमचं पाकीट ६ ग्रॅमने कमी, म्हणजे सुटलो? नाही! तपासणीत नमुन्याच्या पाकिटांची सरासरीही बघतात आणि ती छापलेल्या वजनापेक्षा कमी चालत नाही. तुमचं प्रत्येक पाकीट कमी, म्हणजे सरासरीही कमीच.

उलट काटा १९४ दाखवत असेल, तर १००० पाकिटांमागे सुमारे ६ किलो मसाला फुकट गेला. ६०० रुपये किलोने हिशेब करा: ३६०० रुपये!

उपाय काय?

१. आकडा एकसारखा पण चुकीचा येत असेल, तर काटा दुरुस्तीवाल्याकडून जुळवून घ्या आणि पुन्हा शिक्का मारून घ्या. तसंही इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनशास्त्र विभागाकडून दर वर्षी पडताळणी करून घ्यावी लागते.

२. आकडा नाचत असेल, तर आधी टेबल हलतंय का, पंख्याचा वारा लागतोय का, काटा सपाट जागेवर आहे का, ते बघा. तरी नाचला तर काटा बदला.

३. रिकामं पाकीट ठेवून काटा शून्य करा. गिऱ्हाईक पैसे देतं ते आतल्या मालाचे, पिशवीचे नाही.

रोज सकाळी पहिलं पाकीट भरायच्या आधी ते शिक्क्याचं वजन ठेवा आणि आलेला आकडा वहीत लिहा. दोन मिनिटांचं काम आहे. गिऱ्हाईकाने घरी जाऊन वजन केलं, तरी तुमची मान खाली जाणार नाही.