उलटी धावणारी रिक्षा

आपल्या मुक्ताईनगरच्या पंचक्रोशीत वाहनांच्या अद्भुत कथांना तोटा नाही. चांगदेव वाघावर बसून आले आणि त्यांना सामोरी गेली ती भावंडांना घेऊन चालणारी भिंत, ही कथा आपण पाळण्यापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे एखादी रिक्षा पाठमोरी धावली म्हणून इथे कुणी तोंडात बोट घालील असे मला वाटत नव्हते. परंतु सांगलीजवळच्या हरिपूर गावच्या स्पर्धेची चित्रफीत मी घरी दाखवली, तेव्हा आमचे नाना, जे अनेक वर्षे स्टँड ते कोथळी अशी रिक्षा चालवतात, तेही चहाचा कप खाली ठेवून पाहत राहिले.

हरिपूर म्हणजे कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे गाव. हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध, आणि ‘संगीत शारदा’कार गोविंद बल्लाळ देवलांचे जन्मस्थान म्हणून आम्हां कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असलेले. या गावी संगमेश्वराच्या यात्रेत रिक्षा उलट्या चालवण्याची स्पर्धा भरते. २०२३ च्या जानेवारीतील स्पर्धेची दृश्ये देशभर पाहिली गेली. बहुतेकांनी ती हसण्यावारी नेली. मला मात्र वाटते, की हा प्रकार हसण्यावारी नेणाऱ्याने रिक्षा कधी आतून पाहिलेली नसते.

पहिला प्रश्न असा, की रिक्षा इतक्या वेगाने मागे जाऊ शकतेच कशी? मोटारगाडीत मागे जाण्यासाठी सामान्यतः एकच गिअर असतो, आणि तोही संथ. रिक्षाचे कूळ निराळे. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत पियाज्जो कंपनीसाठी कोरादिनो दास्कानियो या अभियंत्याने १९४६ साली ‘व्हेस्पा’ स्कूटर तयार केली. तिच्यावरूनच १९४८ साली तीनचाकी ‘आपे’ निघाली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी. एक मिरवणारी, दुसरी राबणारी! आपण ज्या गाडीला ‘ॲपे’ म्हणतो तिचे नाव असे मधमाशीचे आहे. बजाजची रिक्षाही याच घराण्यातली. या घराण्याच्या गाड्यांत मूळ गिअर स्कूटरप्रमाणे डाव्या मुठीत असतात, आणि मागे जाण्याची दांडी वेगळी असते. ही दांडी मुठीतल्या गिअरांना हात लावत नाही. इंजिनाकडून चाकांकडे जाणाऱ्या फिरण्याची दिशा तेवढी पालटते. म्हणजे दांडी टाकली, की पुढे जाण्याचे चारही गिअर मागे जाण्यासाठी मोकळे झाले. रिक्षावाल्याला याची गरज गल्लीतून गाडी काढताना पहिल्या गिअरापुरतीच पडते. उरलेले तीन नुसते पडून होते. यात्रेतल्या हौशी मंडळींनी ते वापरात आणले.

आता खरा कठीण भाग. बैलगाडी जुवाला धरून ओढली तर मुकाट मागे येते. तीच मागे ढकलू लागा, जू वीतभर डावीकडे गेले की गाडी उजवीकडे तोंड फिरवते आणि पाहता पाहता आडवी होते. रिक्षाच्या पुढच्या चाकाचे असेच आहे. पुढे जाताना ते चाक हँडलच्या अक्षामागून ओढले जाते, त्यामुळे हात सैल सोडला तरी ते सरळ होऊ पाहते. मागे जाताना हाच गुण अवगुण ठरतो. हँडल किंचित वळले, की ते आणखी वळू पाहते. चालक मान वळवून मागे पाहत असतो, एक हात हँडलवर, डोके हुडाबाहेर. आणि ज्या टोकाशी तो बसला आहे तेच टोक झोके घेत असते. हे सारे मनगटाने सावरायचे.

आणि उलटण्याचे भय? तीन चाके म्हणजे जमिनीवर एक त्रिकोण. मागे रुंद, पुढे टोकदार. गाडीचे वजन त्रिकोणात आहे तोवर ठीक. सरळ जाताना वळणावर करकचून ब्रेक मारला, की वजन टोकाकडे धावते, तिथे त्रिकोण अरुंद, आणि रिक्षा कलंडते. उलट्या चालीत हिशेब फिरतो. ब्रेक मारला तर वजन रुंद बाजूकडे जाते, म्हणून ब्रेक हा मित्र. शत्रू कोण, तर वळणातच मूठ पिळून वेग वाढवणे. कारण त्या वेळी वजन टोकाकडे सरते. चित्रफितीत शांतपणे चालवणारे चालक पाहावे, वळणात त्यांची मूठ हलत नाही.

गंमत अशी, की मोठमोठ्या अभियंत्यांनी हाच आकार मुद्दाम निवडला होता. इंग्लंडात मॉर्गन यांनी १९१० साली प्रदर्शनात मांडलेली तीनचाकी पुढे दोन आणि मागे एक चाक अशीच होती. या गाड्यांनी शर्यती गाजवल्या, त्यांच्या शौकिनांचे मंडळ आजही आहे, आणि वयोवृद्ध मॉर्गनचा एकेक स्क्रू जपणारी माणसे त्यात आहेत. मात्र मॉर्गनची दिशा पुढच्या दोन चाकांनी ठरते. उलटी रिक्षा अधिक जवळची आहे ती बकमिन्स्टर फुलर या अमेरिकनाच्या १९३३ सालच्या ‘डायमॅक्सियन’ गाडीशी: पुढची दोन चाके ओढणारी, मागचे एकटे चाक वळवणारे. तीही वाऱ्याच्या झोताने शेपूट हलवी. नमुन्याच्या तीनच गाड्या तयार झाल्या. फुलरसाहेबांना जे चाक जाचले तेच आपले लोक मनगटाने आवरतात, याचा मला थोडा अभिमान वाटतो.

यासाठी गाडी कशी राखावी लागते हे मी नानांकडून शिकले. हँडलच्या दांड्यातील बॉल-रेसरला जरासुद्धा खेळ नको. पुढे जाताना तो जाणवत नाही, मागे जाताना तोच खेळ हातभर होतो. मागच्या दोन्ही टायरांत हवा तंतोतंत सारखी हवी. दोन्ही मागच्या चाकांचे ब्रेक एकाच वेळी धरले पाहिजेत, नाहीतर गाडी त्या बाजूला गिरकी घेते. गिअरवायर ताणलेली असेल तर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मध्येच मोकळे पडते. आणि वैशाख-जेठात, जेव्हा आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला भिडतो, तेव्हा रबरी भाग अवकाळी म्हातारे होतात. नाना दर रविवारी हे सारे तपासतात. शर्यतीसाठी नव्हे, कोथळीच्या यात्रेकरूंसाठी. कोल्हापुरात रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा होतात, तिथे आरसे, दिवे आणि रेक्झीनवर हौस होते. तीही मला आवडते, पण बॉल-रेसरची हौस कुणाला दिसत नाही.

हे सगळे लिहिण्याचे कारण आता सांगते. यंदा महाशिवरात्रीच्या यात्रेत आपल्याकडेही अशी स्पर्धा घ्यावी, असे स्टँडवरच्या तरुण मंडळींच्या मनात आहे. तापी-पूर्णेचा संगम आपल्याकडे आहेच, मग संगमेश्वराला जे चालते ते चांगदेवाला का नको, असा त्यांचा युक्तिवाद. नानांनाही उतरण्याची इच्छा आहे. आई मात्र कर्जाचे हप्ते मोजते आहे. तिची बाजू भक्कम आहे. सार्वजनिक रस्त्यावर सरकारच्या लेखी परवानगीवाचून शर्यत लावणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे गुन्हा आहे. त्याहून वाईट म्हणजे वाहनाच्या नेहमीच्या विम्यात आखीव शर्यतीत झालेले नुकसान धरलेलेच नसते. मॉर्गनचा शौकीन गाडी मोडली तर हळहळतो. आमच्याकडे गाडी मोडली तर दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटणार हा प्रश्न उभा राहतो. बैलांच्या शंकरपटावर न्यायालयात वर्षानुवर्षे वाद झाला, कारण मुक्या जनावराची पीडा कुणीतरी मांडली. रिक्षाला पीडा नाही, पण तिच्या मागे घर आहे.

तरीही मी स्पर्धेच्या विरुद्ध नाही. नानांनी तरुणांपुढे अटी ठेवल्या आहेत, त्या मला योग्य वाटतात. रस्ता नको, कापणी झालेले मोकळे शेत हवे. एका वेळी एकच रिक्षा, आणि निकाल घड्याळावर. दोन खुणांमधून वळण घेऊन परत यायचे. खूण पाडली की वेळ वाढवायची. गाडीत दुसरे कुणी बसायचे नाही. बघ्यांनी दोराच्या मागे. उतरण्यापूर्वी दुसऱ्या रिक्षावाल्याने गाडीचे बॉल-रेसर, ब्रेक आणि हवा तपासून सांगायचे. तरुणांना शेवटची अट सोडून बाकीच्या फिक्या वाटल्या. दोन गाड्या शेजारी पळाल्याशिवाय लोक जमणार नाहीत, असे ते म्हणतात. शेताचा मालक पीक काढून झाल्यावर बघू म्हणाला आहे. नानांनी तोवर पुढच्या चाकाचे बॉल-रेसर बदलून घेतले आहेत, आणि आईला सांगितले आहे की ते कोथळीच्या खड्ड्यांसाठी.